धर्माच्या रकान्यात काय लिहावे?



महाविद्यालये उघडण्याचे दिवस आले, म्हणजे आपल्या कित्येक घरांतून एक वाद ऐकू येतो. नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूर येथे शिकावयास जाणारा मुलगा प्रवेशाचा अर्ज भरावयास बसतो. नाव, गाव, जन्मतारीख होते आणि धर्माचा रकाना येतो. बापाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली असते. मुलाने त्या ठिकाणी ठळक अक्षरांत ‘बौद्ध’ असे लिहावे, ही त्याची इच्छा स्वाभाविक होय. मुलगा मात्र लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, “बाबा, बुद्धांनी ईश्वर मानला नाही, आत्मा मानला नाही, स्वर्ग-नरक मानले नाहीत. मग आपल्याला धर्म हवाच कशाला? मी येथे ‘मानवता’ असे लिहितो, नाहीतर रकाना कोरा ठेवतो.” बापाला वाटते, एवढ्या कष्टाने मिळविलेले धन पोराने उकिरड्यावर टाकले. तो संतापतो. आई मध्ये पडते आणि अर्ज तसाच राहतो.

मी बापाची बाजू घेऊन मुलाला चार खडे बोल सुनवावेत, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. मी तसे करणार नाही. मुलाने विचारलेला प्रश्न हा बौद्धाने विचारावयाचाच प्रश्न आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. ज्या धम्माने पारखण्याचा हक्क दिला, त्या धम्मालाच कोणी पारखू लागला, तर आपण डोळे वटारावे हे शोभत नाही. तेव्हा रागावू नका. उत्तर द्या. आणि उत्तर देण्यापूर्वी मुलगा ज्याला ‘मानवता’ म्हणतो ती वस्तू काय आहे, हे समजून घ्या.

मनुष्याच्या सुखदुःखाचा विचार करताना परलोकाकडे न पाहता इहलोकाकडे पाहावे. नीतीला ईश्वराच्या आज्ञेचा आधार न शोधता मनुष्याच्या बुद्धीचा व सहानुभूतीचा आधार शोधावा. आणि मनुष्यापेक्षा श्रेष्ठ असा पंथ, ग्रंथ, वंश वा राष्ट्र मानू नये, अशा विचाराला इहवादी मानवतावाद असे म्हणतात. हे विलायती खूळ आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. तो गैरसमज होय. या विचाराचा महाराष्ट्रातील एक मोठा पुरस्कर्ता आपल्या उंबरठ्यापाशीच जन्मला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ साली पिंपळनेरचा. पिंपळनेर साक्री तालुक्यात, म्हणजे आपल्या नवापूरच्या शेजारी. त्या काळी ते आणि नंदुरबार एकाच खानदेश जिल्ह्यात होते. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदशास्त्रे शिकलेला हा ब्राह्मण पंडित पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासात आला आणि नवमानवतावादी झाला. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या माणसाने हिंदू धर्माची समीक्षा लिहावी, ही लहान गोष्ट नव्हे.

रॉय यांची कथा आपल्या तरुणांनी अवश्य वाचावी. क्रांतीसाठी देशाबाहेर पडलेला हा बंगाली तरुण मेक्सिकोत पोचला, तेथून मॉस्कोला गेला, लेनिनच्या शेजारी बसला, पुढे त्या पक्षापासून दुरावला, हिंदुस्थानात परतला आणि १९३१ ते १९३६ तुरुंगात राहिला. शेवटी तो अशा निर्णयाला आला की ज्या क्रांतीत एकेका माणसाचे स्वातंत्र्य उरत नाही ती क्रांती व्यर्थ होय. १९४६ च्या डिसेंबरात मुंबईला त्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने या विचाराची २२ सूत्रे स्वीकारली. दोन वर्षांनी, १९४८ साली, कलकत्त्याच्या अधिवेशनात त्यांनी तो पक्षच विसर्जित केला, कारण पक्ष आला म्हणजे सत्तेची हाव आली. स्वतःचा पक्ष स्वतः मोडणारा पुढारी आपण दुसरा किती वेळा पाहिला आहे? (रॉय यांची सूत्रे २२ आणि नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञाही २२. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एक भेद चटकन डोळ्यांत भरतो. त्याकडे मी पुढे येतो.)

मानवतावादी मंडळी आणि आपण यांच्यात वैर असण्याचे काही कारण नाही. जुन्या काळातही ते नव्हते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे र. धों. कर्वे हे कट्टर बुद्धिवादी, कोणताही धर्म न मानणारे. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. धर्म न मानणाऱ्याच्या लेखनस्वातंत्र्यासाठी ते उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. या दोन गोष्टींत विरोध आहे असे त्यांना वाटले नाही. मलाही वाटत नाही.

मग मुलाचा प्रश्न शिल्लक राहतो. ईश्वर नको, आत्मा नको, बुद्धी प्रमाण, सर्व माणसे समान, एवढे सगळे दोघांतही सारखेच असेल, तर बाबासाहेब मानवतावादी होऊन का थांबले नाहीत? ‘धर्म नको’ असे सांगावयाला त्यांना कोणाची भीती होती? राज्यघटना त्यांच्या हातून झाली होती. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती, कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करावयास मनाई केली होती. एखाद्या केवळ इहवादी माणसाला वाटले असते, की काम झाले. बाबासाहेबांना तसे वाटले नाही. कायदा एकट्यादुकट्या गुन्हेगाराला शासन करू शकतो. परंतु सारा गावच जेव्हा कायदा मोडावयास एक होतो, तेव्हा कायद्याची वही बंद पडते, हे त्यांनी १९४३ सालच्या रानडे-गांधी-जीना या व्याख्यानात सांगून ठेवले होते. हक्काचे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. ती बुद्धी कायद्याने घडत नाही. ती घडते घरात, लहानपणी, रोजच्या वागण्यातून, आणि एकाने नव्हे तर अनेकांनी मिळून धरलेल्या आचारातून. त्या सामुदायिक आचाराला त्यांनी धम्म म्हटले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धर्म आणि धम्म यांची फारकत केली आहे, ती मुलाला अवश्य समजावून सांगा. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब असे लोक म्हणतात; धम्म हा मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की एकमेकांशी कसे वागावे हा प्रश्न आला, आणि तोच धम्माचा विषय. ईश्वराच्या जागी धम्माने नीती बसविली. महाबोधी सोसायटीच्या मासिकात मे १९५० मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माला ज्या कसोट्या लावल्या त्याही पाहा: समाजाला नीतीचे अधिष्ठान हवे, धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे आणि दारिद्र्याला पवित्र ठरविता कामा नये. या चार कसोट्यांपैकी एकही कसोटी मानवतावाद्याने नाकारावी अशी नाही. एका अर्थाने मानवतावादाच्या गाळणीतून गाळून जे उरले, तेच बाबासाहेबांनी धर्म म्हणून पत्करले.

आता त्या दोन याद्यांकडे येऊ. रॉय यांची सूत्रे वाचा; ती विचार करणाऱ्या माणसाला उद्देशून आहेत. इतिहास, अर्थकारण, लोकशाही, स्वातंत्र्याची व्याख्या. उत्तम आहेत. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञा वाचा. त्या शेतमजुराच्या बायकोला उद्देशून आहेत. अमुक देव मानणार नाही. श्राद्ध घालणार नाही. पिंडदान करणार नाही. दारू पिणार नाही. खोटे बोलणार नाही. सर्व माणसे समान मानीन. हे सारे ‘मी’ने सुरू होते, उभे राहून, हजारोंच्या बरोबर, मोठ्याने म्हणावयाचे असते, आणि घरी गेल्यावर त्याच दिवशी करावयाचे असते. भिंतीवरचा देव काढावा लागतो. शेजारी विचारतो, काय झाले? त्याला उत्तर द्यावे लागते. नवमानवतावाद अभ्यासमंडळांत वाढला, चांगल्या चांगल्या माणसांना त्याने घडविले. परंतु तो वाचणाऱ्यांचा राहिला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते सुमारे अडीच हजार; १९६१ च्या जनगणनेत झाले २७,८९,५०१. ही माणसे पुस्तके वाचून आली नाहीत. बहुतेकांना वाचता येत नव्हते.

आणि येथे मानवतावाद्यांच्या विरुद्ध नव्हे, त्यांच्याच अनुभवातून एक गोष्ट सांगतो. फ्रान्समधील ओग्युस्त कोंत या तत्त्वज्ञाने गेल्याच्या गेल्या शतकात ईश्वराला रजा दिली आणि मग स्वतःच ‘मानवतेचा धर्म’ काढला. त्याला पंचांग दिले, सण दिले, थोर माणसांचे दिवस नेमून दिले. लोक हसले. पण त्याला कळले होते, की मूल जन्मले, लग्न झाले, माणूस मेला, की लोकांना एकत्र यावेसे वाटते आणि काही म्हणावेसे वाटते. नॉर्वे देशात तर १९५१ पासून मानवतावाद्यांनी चर्चमधील दीक्षेऐवजी वयात येणाऱ्या मुलांसाठी आपला स्वतंत्र दीक्षाविधी सुरू केला आणि तो आजही चालू आहे. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी हे त्याआधीच ओळखले होते. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटाशिवाय पहिले लग्न लागले. ज्योतिबांनी नुसते ‘पुरोहित नको’ म्हटले असते, तर लग्नाच्या दिवशी वधूपित्याने मुकाट्याने पुरोहितालाच बोलावले असते. त्यांनी पुरोहिताच्या जागी विधी दिला. शेवटी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ नावाचे पुस्तकच लिहिले.

दूर कशाला, आपल्या सातपुड्याकडे पाहा. तळोदा तालुक्यात मोरवडला १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराज नावाचे भिल्ल संत उभे राहिले. दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, असे ते सांगत. परंतु त्यांच्या सांगण्यातील सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते एका शब्दाची होती. ज्या भिल्लाला साहेब, सावकार आणि पाटील ‘ए’ आणि ‘अरे’ म्हणत, त्याने आपल्या भावाला ‘आप’ म्हणावे, भेटताना ‘आप की जय’ म्हणावे. त्या पंथाचे नावच ‘आप’ पडले. आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. १९३८ साली गुलाम महाराज वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालविले. आता हा धर्म की मानवतावाद? आरती आहे, म्हणून धर्म म्हणावे. परंतु त्याचा गाभा काय? तुझ्यासमोरचा माणूस ‘आप’ आहे, एवढाच.

पुढे १९७२ साली त्याच शहादा-तळोद्याच्या मुलखात श्रमिक संघटना उभी राहिली. तिचा नेता अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल तरुण. जमिनी सोडवा, मजुरी वाढवा, मारहाण थांबवा, ही सर्व ऐहिक मागणी. कोठे आरती नव्हती. तरीही त्या चळवळीतील आदिवासी बायका एकत्र झाल्या तेव्हा त्यांनी दारूची मडकी फोडली. मोरवडच्या संतांनी जे आरतीतून सांगितले, ते त्यांनी लाठ्या घेऊन केले. मला यातून दिसते ते असे, की धर्माच्या वाटेने आलेला आणि धर्माशिवाय आलेला, असे दोन्ही माणसे एकाच ठिकाणी येऊन पोचू शकतात. कोणती वाट खरी, यावर भांडत बसण्यापेक्षा तो मुक्काम कोणता, हे पाहावे.

येथपर्यंत मी बापाला धीर दिला. आता त्याला जे आवडणार नाही ते सांगितले पाहिजे.

आपल्या घरांत काय चालले आहे? बुद्धांची मूर्ती आली, ठीक. परंतु तिच्यापुढे नैवेद्य ठेवला जातो, परीक्षेच्या दिवशी तिच्याकडे गुण मागितले जातात, आणि कित्येक घरी जुने देव माळ्यावर गेले आहेत, घराबाहेर गेलेले नाहीत. मूल आजारी पडले, म्हणजे आजी हळूच गंडादोरा आणते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहावयास जावे, त्यात वावगे काही नाही. पण एकमुखी दत्ताला केलेला जुना नवस ‘आता बोलून ठेवला आहे तर फेडून टाकू’ म्हणून फेडला जातो, तेव्हा प्रतिज्ञा कोठे गेली? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामाला होते. न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले होते. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी तेथे आपले लोक मोठ्या संख्येने जमतात. जमावे. मीही त्याला चांगले म्हणतो. परंतु जो बॅरिस्टर तेथे अशिलाचे कागद वाचीत बसला असेल, त्याच्या स्मृतिस्थळी जाऊन आपण एखादे पुस्तक घेऊन परतलो की उदबत्ती लावून परतलो, एवढे घरी आल्यावर एकमेकांना विचारावे. मुलगा ‘धर्म कशाला?’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा धम्माकडे बोट दाखवीत नसतो. तो या उदबत्तीकडे बोट दाखवीत असतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आपल्या जिल्ह्यात डाकिणीची प्रथा आहे. अक्कलकुवा, धडगाव आणि तळोद्याच्या डोंगराळ भागात गावात पोर दगावले, गाय आटली, पीक गेले, की भगताला विचारले जाते आणि भगत एखाद्या बाईचे नाव घेतो. ती बहुधा विधवा असते, किंवा एकटी असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते आणि प्रसंगी तिचा जीवही जातो. हे आदिवासींचे प्रकरण आहे, आपले काय त्यात, असे म्हणून आपली बौद्ध वस्ती दार लावून घेते. मी आपल्याला विचारतो, ज्या काळी आपल्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्या काळीही गावातील काही सज्जन असेच दार लावून घेत असत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणत होतो?

या बायकांसाठी दार उघडून बाहेर आले ते मुख्यतः अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते. म्हणजे ज्यांना आपण ‘धर्म न मानणारे’ म्हणून बाजूला ठेवतो ते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देव आणि धर्म यांना सरसकट विरोध न करता त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध, अशी त्यांची भूमिका होती. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्राने जनावरांचे दूध आटविते, अशी समजूत पसरविणे हा गुन्हा म्हणून लिहिला आहे; तशा आरोपावरून मारहाण करणे, धिंड काढणे हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची त्यात तरतूद आहे. किती विहारांत या कायद्याची प्रत टांगलेली आहे? त्रिशरण-पंचशील झाल्यानंतर पाच मिनिटे ती वाचून दाखविली, तर वंदनेत काही उणे पडणार नाही. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, आणि शेजारणीची हत्या आपण दाराच्या फटीतून पाहिली, तर ते शील पाळले असे मी मानीत नाही.

कोणी म्हणेल, कायद्याने सगळे होत नाही असे तुम्हीच वर लिहिले. बरोबर. म्हणूनच म्हणतो, की कायदा त्यांनी आणला, आता आचार आपण द्यावा. भगताचा धंदा नुसत्या व्याख्यानाने बंद पडत नाही. तापलेले पोर घेऊन रात्री आईने कोणाच्या दारात जावे, हा तिचा प्रश्न असतो. जवळच्या आरोग्य केंद्रात नेण्यासाठी त्या वेळी आपल्या वस्तीतील कोणी मोटारसायकल काढली, तर त्या रात्रीपुरता भगत हरला.

आता अर्जाच्या रकान्याकडे परत येतो, कारण तेथे नुसता विचाराचा प्रश्न नाही, हक्काचाही आहे. आपले राज्य कोणत्याही धर्माचे नाही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, तरी तत्त्व पहिल्यापासून होते. त्याच दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली आणि त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हेही एक कर्तव्य सांगितले गेले. म्हणजे मुलगा ‘मानवता’ म्हणतो, ते घटनेच्या कलम ५१ क मध्ये आहे. त्याला कोणी खुळा म्हणू नये. परंतु हेच धर्मनिरपेक्ष राज्य आपल्याला मात्र धर्म विचारीत आले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो, आणि आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० नंतर, या राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने दिल्या त्या १९९० साली. मधली ३४ वर्षे केंद्राचा हिशेब असा, की माणूस बौद्ध झाला म्हणजे त्याची अस्पृश्यता संपली. गावच्या विहिरीला हा हिशेब माहीत नव्हता.

उलट आपल्या शेजारचा भिल्ल, पावरा किंवा मावची बंधू पाहा. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. तो देवमोगरेला जावो, ‘आप’ पंथात राहो, ख्रिस्ती होवो किंवा कोणताच धर्म न मानो, त्याचा जमातीचा दाखला टिकतो. एकाच जिल्ह्यात, एकाच कचेरीत, एकाला धर्म विचारावयाचा नाही आणि दुसऱ्याला विचारावयाचाच. इहवादी राज्याने हे कसे जुळविले, ते राज्यकर्त्यांना विचारण्याचा आपला हक्क आहे. आपल्यावरील अन्याय १९९० साली दूर झाला, म्हणून हा प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. मागासलेपण जातीने आले असेल, तर त्याचा उपाय धर्माच्या दाखल्यावर अवलंबून का असावा?

आणखी एक निर्णय आपल्या मुलांना माहीत असावा. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले, की कोणत्याही नागरिकाला धर्म जाहीर करावयास शासन भाग पाडू शकत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असे सांगण्याचा त्याला हक्क आहे; कलम २५ ने दिलेल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते. हा निर्णय मी आनंदाने वाचला. ज्या कलमाच्या बळावर तुमच्या वडिलांनी जुना धर्म टाकला, त्याच कलमाच्या बळावर तुमचा मुलगा धर्माचा रकाना कोरा ठेवू शकतो. बापाने वापरलेला हक्क मुलाने वापरला, तर बापाने घाबरावे कशाला?

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मुलाने ‘बौद्ध’ असे लिहावे. अनुसूचित जातीच्या हक्काची त्यात सोय आहे एवढ्यासाठीच नव्हे. ‘मानवता’ लिहिणारा तरुण पुण्या-मुंबईत एकटा सुखाने राहू शकेल; परंतु त्याचे लग्न, त्याच्या आईचे अंत्यसंस्कार, त्याच्या मुलाचे नाव ठेवणे, यासाठी गावी परतला म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा असतील: जुन्याच रूढी, किंवा काहीच नाही. आणि ‘काहीच नाही’ असे जेथे असते तेथे रूढी मागच्या दाराने परत येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बौद्ध हे नाव त्याला माणसे देते. तो डोळे उघडे ठेवून आत राहिला, तर आमची उदबत्तीही विझवील.

परंतु त्याला हे पटले नाही, तर त्याला घराबाहेर काढू नका, विहारात त्याच्याकडे बोट दाखवू नका, आणि त्याच्या वतीने अर्ज भरू नका. पंचवीसशे वर्षांपूर्वी कालामांवर कोणी सक्ती केली नव्हती. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक आपल्या दारात येईल आणि प्रत्येकाचा धर्म विचारील. कुटुंबप्रमुख म्हणून बापच सगळ्यांची उत्तरे देऊन मोकळा होतो, असा आपला रिवाज आहे. त्या दिवशी मुलगा, सून, मुलगी जे घरात असतील त्यांना ओट्यावर बोलवा, आणि ज्याचे त्याचे उत्तर ज्याला त्याला देऊ द्या.